बदलीची पोरं

डोंगरातल्या तरुणांना मुलांच्या हक्कांबद्दल बोलायचं असेल, तर त्यांना आधी डोंगरातून खाली उतरवून एका गारेगार हॉलमध्ये बसवावं लागतं. हे मला तिसऱ्या परिषदेपर्यंत तोंडपाठ झालं होतं. हॉल तोच असतो, फक्त गाव बदलतं. जमिनीला निळा गालिचा, खुर्च्यांना पांढरे अभ्रे आणि मंचामागे डोंगराचा भलामोठा फोटो. तो डोंगर आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. त्याच्या पायथ्याशी तळं होतं आणि तळ्यात बदकं होती. आमच्याकडे बदक आलं तर आधी थंडीनं मरेल आणि मग कुणीतरी ते खाईल. पण फोटो सुंदर होता, आणि त्याच्यापुढे उभं राहून सगळ्यांनी आपापले फोटो काढून घेतले. मीही काढला.

मी खेचरांवरून माल वर पोचवते. पीठ, तेल, गॅसच्या टाक्या, क्वचित एखादा आजारी माणूस. वय तिशीला टेकलंय, म्हणजे कागदोपत्री तरुण असण्याचं हे माझं शेवटचं वर्ष. बालहक्कांचं मला वावडं नाही, पण खोटं कशाला बोलू, मी येते ती गरम पाण्यासाठी. भिंतीतला नळ फिरवला की वाफाळतं पाणी येतं आणि आपण बंद करेपर्यंत येतच राहतं. ज्यांना हे रोज मिळतं त्यांना मी काय म्हणते ते कळायचं नाही. बदल्यात चार दिवस टाळ्या वाजवायच्या, रंगीत चिठ्ठ्यांवर शब्द लिहायचे आणि 'सहभाग' द्यायचा. सौदा काही वाईट नव्हता.

परिषद भरवणाऱ्या संस्थेच्या संचालकबाई आम्हाला 'माझी लेकरं' म्हणायच्या. त्या लेकरांतल्या एकाला स्वतःची दोन लेकरं होती आणि दुसऱ्याला चांगलं टक्कल पडलं होतं. बाई बोलताना समोरच्याचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायच्या, त्यामुळे चहाच्या सुट्टीत त्या दिसल्या की लोक घाईनं कप खाली ठेवायचे. त्यांच्या हाताखाली एक प्रशिक्षक होता. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणून आम्ही त्याला शिट्टीवालाच म्हणायला लागलो. पहिल्या सकाळी त्यानं आम्हाला गोलात उभं केलं आणि प्रत्येकानं आपण कोणतं झाड आहोत ते सांगायचं, असं फर्मान काढलं. एक पोरगा म्हणाला, आमच्या उंचीवर झाडं उगवतच नाहीत. शिट्टीवाल्यानं थोडा विचार केला आणि त्याला झुडूप व्हायला सांगितलं.

परिषदेचा जाहीरनामा आधीच छापून आला होता, गुळगुळीत कागदावर, चार रंगांत. आम्ही चर्चा करून त्यातले मुद्दे शोधून काढायचे होते. म्हणजे उत्तरं छापलेली आणि प्रश्न आम्ही तयार करायचे. मी माझा जाहीरनामा घडी करून खोलीतल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. चार दिवसांत त्या कागदाचा झालेला तेवढाच उपयोग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

खोलीत माझ्याबरोबर एकोणीस वर्षांची एक पोरगी होती, दुसऱ्याच कुठल्या तरी खोऱ्यातली, पहिल्यांदाच अशा ठिकाणी आलेली. मी तिला धाकटी म्हणायला लागले आणि ती मला अक्का. एवढ्या रुंद पलंगावर ती अगदी कडेला, अंग चोरून निजायची. फारशी बोलायची नाही, आणि बोललीच तर विषय एकच, तिचा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणायचे. बारक्या अकरा वर्षांचा. येत्या शनिवारी सकाळी पायथ्याच्या गावात त्याची परीक्षा होती. पास झाला तर शहरातल्या निवासी शाळेत जागा, राहणं-जेवण फुकट. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी त्याला बसताच आलं नसतं. त्यांच्या वाडीतली शाळा पाचवीला संपते, आणि पाचवी संपली की मेंढरं सुरू होतात.

"खूप हुशार आहे का?" मी विचारलं.

"तसं काही नाही, अक्का. पण त्याला बसून वाचायला आवडतं. आमच्या घरात बसून काही करणारा तो पहिलाच. म्हणजे काका पण बसतात, पण ते काही करत नाहीत."

मी हसले. मला पोरगी आवडली, आणि मला माणसं सहसा आवडत नाहीत.

आता डोंगरातली एक रीत सांगितली पाहिजे. बर्फ वितळलं की वाडीतल्या सगळ्या घरांची मेंढरं एकत्र करून वरच्या कुरणावर नेतात, आणि प्रत्येक घरानं तिथं आपलं एक माणूस द्यायचं असतं. कोकरं व्हायचे दिवस असतात, लांडगे उपाशी असतात, हात कमी पडून चालत नाही. ज्याला वरून उतरायचं किंवा दुसरीकडे कुठं जायचं असेल, त्यानं आपल्या जागी आपल्याच घरातला बदली माणूस द्यायचा. जागा एक दिवस जरी रिकामी राहिली, तरी त्या घराची त्या वर्षाची चराई गेली. मग मेंढरं खाली आणून विका. आमच्या खेचरवाल्यांतही थोड्याफार फरकानं हेच आहे. रीत कठोर आहे, पण तिच्यामुळेच कळप टिकलेत असं म्हातारे सांगतात. बदली माणसाचं वय मात्र कुणी विचारत नाही.

आणि परिषद कधी? नेमकी त्याच आठवड्यात. थंडीत आम्ही सगळे शेगडीपुढे बसून एकमेकांची तोंडं बघत असतो, तेव्हा आम्हाला कुठंही न्या, कोकरूसुद्धा अडणार नाही. पण थंडीत बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना खोकला होतो, आणि हॉटेल लग्नांसाठी आधीच ठरलेलं असतं. तारीख ठरवणाऱ्यांत डोंगराचे जाणकार म्हणून तीन माणसं होती, असं बाईंनी उद्घाटनात कौतुकानं सांगितलं. त्यातल्या कुणालाही मेंढरू वर कधी जातं हे ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हीही कुणी तोंड उघडलं नाही. बोलावणं आलं की माणूस आधी बॅग शोधतो.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटीनं घरी फोन लावला. मी शेजारी बसून केक खात होते. ती नुसतं "बरं" आणि "कधी" एवढंच म्हणत होती. मग तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला.

"काकांची कंबर धरली."

"मग शेकायला सांग."

"माझ्या जागी काका वर जाणार होते, अक्का. कबूल केलं होतं त्यांनी. निघायच्या दिवशी सकाळी कंबर धरली. बाबा तर कामाला लांब बंदरावर. आईच्या अंगावर पिणारं बाळ आहे. मग बारक्याला पाठवलं."

अशा कंबरा माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. वर्षभर त्या ठणठणीत असतात, जिने चढतात, गप्पा मारायला दुसऱ्या वाडीत जातात, आणि कळप वर निघायच्या सकाळी बरोबर धरतात. मी काकांना शिव्या घातल्या. धाकटीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बसचा विचार करत होती. संध्याकाळची बस धरली तर ती पहाटे पायथ्याला उतरेल, दुपारपर्यंत कुरणावर पोचेल, बारक्या अंधार पडायच्या आत खाली येईल आणि शनिवारी सकाळी परीक्षेला बसेल. यात गणित कसलंच नव्हतं. फक्त उठून जायचं होतं.

पण ती वळणाची पोरगी. न सांगता कशी जाणार? ती बाईंकडे परवानगी मागायला गेली. बाई घाईत होत्या, म्हणाल्या, "हे एक सत्र होऊ दे, मग बोलू."

त्या सत्रात शिट्टीवाल्यानं आम्हाला पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. मुलं शाळेपासून दूर का राहतात, याचं एक कारण प्रत्येकानं लिहायचं. पोरांनी लिहिलं, गरिबी. अज्ञान. मानसिकता. तीन जणांनी नुसतंच 'समाज' लिहिलं. मी 'अंतर' लिहिलं, ते मागच्या दोन्ही परिषदांत खपलं होतं. धाकटीनं काहीच लिहिलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती कोरी चिठ्ठी हातात धरून उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

"हां, बोल ना, तू काय लिहिलंस?" शिट्टीवाला म्हणाला.

"कारण मी आहे. मी इथं आले म्हणून माझा भाऊ माझ्या जागी वर गेलाय. परवा त्याची परीक्षा आहे. मी इथं मुलांच्या हक्कांवर बोलतेय, आणि तो माझी मेंढरं राखतोय."

शिट्टीवाला जरा गोंधळला, कारण हे त्याच्या कागदावर नव्हतं. मग त्यानं विचारलं, "असं आणखी कुणाच्या घरी झालंय का? हात वर करा बरं."

आधी झुडूप झालेल्या पोराचा हात वर गेला. त्याच्या जागी त्याची बहीण होती, दहा वर्षांची. मग पुढच्या रांगेतून एक, खिडकीजवळून दोन. मग एकेक करत जवळजवळ सगळ्यांचे. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाचा पुतण्या, एकाचा स्वतःचा मुलगा. चाळीसेक माणसं त्या गार हॉलमध्ये मुलांच्या हक्कांसाठी जमली होती आणि त्यांच्या मागे जवळजवळ तेवढीच पोरं शाळा बुडवून त्यांची कामं करत होती. एवढं काटेकोर काम कुणी ठरवून केलं असतं तरी जमलं नसतं.

माझा हात मांडीखाली होता. माझी खेचरं माझी भाची हाकत होती. नऊ वर्षांची. मला ते निघतानाच ठाऊक होतं, म्हणून तर मी घरी फोन केला नव्हता.

शिट्टीवाल्यानं एका नव्या चिठ्ठीवर 'भावंडांवरील भार' असं लिहिलं आणि ती फळ्यावर 'समाज'च्या शेजारी चिकटवली. मग तो वळून बाईंकडे बघायला लागला. बाईंचे डोळे भरले होते. पण मी त्यांच्या शेजारच्याच रांगेत होते, आणि त्या भरल्या डोळ्यांत मला आनंदही दिसला. तीन दिवस वाळू चाळणाऱ्याला सोन्याचा कण दिसावा तसा. त्या उठून आल्या आणि त्यांनी धाकटीचे दोन्ही हात धरले.

"बाई, मला संध्याकाळच्या बसनं जायचंय," धाकटी म्हणाली.

"जाशील गं, कुणी अडवलंय तुला? पण जरा विचार कर. तू गेलीस तर एका बारक्याचं भलं होईल. इथल्या बाकीच्या बारक्यांचं काय?"

"मी काय करू त्यांचं?"

"उद्या सकाळी शिक्षण खात्याचे मोठे साहेब येतायत. ही परीक्षा कुणाची? त्यांच्याच खात्याची. त्यांनी मनावर घेतलं तर एका फोनवर अशा मुलांची परीक्षा पुढे जाऊ शकते. आत्ता जे बोललीस तेच उद्या मंचावरून बोल. साहेबांच्या समोर."

"खरंच पुढे नेतील?"

"साहेब फार संवेदनशील आहेत," बाई म्हणाल्या.

खोलीत आल्यावर धाकटीनं बॅग भरली, मग पलंगावर बसून राहिली. मी तिला सांगितलं, बस पकड. सांगितलं म्हणजे खेचराला ओरडते तशी ओरडले. म्हणाले, संवेदनशील साहेब मी मागच्या दोन्ही परिषदांत पाहिलेत. त्यांना हार घालतात, ते डोळे पुसतात आणि गाडीत बसून जातात. ती बाई तुला उद्या डोंगराच्या फोटोपुढे उभी करणार, कारण बदकांपुढे रडणारी पोरगी चांगली दिसते.

"तुम्हाला सगळंच फालतू वाटतं, अक्का," ती म्हणाली. "मग तुम्ही येता कशाला?"

गरम पाण्यासाठी, असं त्या वेळी सांगता येईना.

"त्या झुडपाची बहीण दहा वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिचीपण तीच परीक्षा आहे. आणि मागच्या रांगेतल्या जाड्याचा पुतण्या. मी विचारलं सगळ्यांना. पाच पोरं आहेत परीक्षेची. मी एकटीच उठून गेले तर मी काकांसारखीच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी ते इतक्या कुत्सितपणे दिलं की ते उत्तर राहिलं नाही. मी म्हणाले, जा मग, हो पुढारी. ती उठून आंघोळीला गेली आणि बस तिच्याशिवाय निघून गेली.

त्याआधी तिनं कुरणावरच्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या फोनवर बारक्याला गाठलं होतं. मी ऐकत होते. उद्या साहेब तुमच्या परीक्षेचं बघणार आहेत, तू काळजी करू नकोस, दुपारी मी सांगते. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती हसली एवढं मी पाहिलं.

रात्री शिट्टीवाल्यानं तिची तालीम घेतली. मी मुद्दाम मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. भाषण तीन मिनिटांत बसवायचं होतं. तो म्हणाला, काकांची कंबर काढून टाक, लोक हसतील. बंदर नको, त्यानं लक्ष भलतीकडे जातं. परीक्षेची तारीख-बिरीख नको, मुद्दा व्यापक ठेव. बारक्या हा शब्द मात्र छान आहे, तो तीनदा घे. आणि शेवटी रडू आलं तर अडवू नकोस, पण शेवटीच, मध्ये नको. धाकटी मान डोलवत होती. असा कसाई मी पाहिला नव्हता. हा मांस फेकून नुसतं कातडं ठेवत होता.

शुक्रवारी साहेब उशिरा आले. तोपर्यंत आम्हाला टाळ्यांचा सराव देण्यात आला. साहेब नीटनेटके, गोड हसणारे गृहस्थ होते, हातात त्यांनी आमच्यासारखंच कापडी ओळखपत्र बांधून घेतलं होतं, म्हणजे आपण तुमच्यातलेच. मंचावर बसल्या बसल्या त्यांनी डोंगराच्या फोटोकडे बोट करून बाईंना काहीतरी विचारलं. बहुतेक तो कुठला आहे ते.

धाकटी बोलायला उभी राहिली. सुरुवातीला शिकवल्याप्रमाणे बोलली. मग तिचा आवाज बदलला आणि तिनं फेकलेलं सगळं परत उचललं. काकांची कंबर घेतली, लोक हसलेच. बाबांचं बंदर घेतलं. कोकरं व्हायचे दिवस आणि उपाशी लांडगे घेतले. ती म्हणाली, "परीक्षा उद्या सकाळी आहे. आमच्या पाच मुलांना तिला बसता येणार नाही, कारण आम्ही इथं आहोत. साहेब, ती एक आठवडा पुढे ढकला. एवढंच मागायला मी थांबले, नाहीतर कालच गेले असते." ती रडली नाही. शिट्टीवाला वाट बघत होता.

मी कबूल करते, माझ्या अंगावर काटा आला. पाच मुलं आणि एक आठवडा. यापेक्षा सरळ मागणी त्या हॉलमध्ये कुणी केली नसेल. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, मधली जागाच तिनं ठेवली नव्हती.

लोक उठून उभे राहिले. बाहेरून आलेले पाहुणे उभे राहिले, बाई उभ्या राहिल्या, साहेबही उभे राहिले. टाळ्या थांबेनात. साहेब माईकपाशी आले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आज या लेकीनं आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले. ती म्हणते परीक्षा उद्या आहे. मी म्हणतो, परीक्षा आज आहे, आत्ता आहे, आणि ती या मुलांची नाही, तुमची-आमची आहे."

पुन्हा टाळ्या. एवढ्या जोरात, की साहेबानं मधली जागा कशी शोधून काढली हे बऱ्याच जणांना कळलंच नाही. पुढे त्यानं एक अभ्यासगट जाहीर केला. पुढची परिषद याच विषयावर होईल असं जाहीर केलं, आणि तिच्या उद्घाटनाला धाकटीला बोलावलं. तारखेबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. मला त्याचा इतका राग आला की हातातली टाळी अर्ध्यावरच थांबली, आणि इतका वेळ आपण टाळ्या वाजवत होतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

साहेब निघाले तेव्हा धाकटी गाडीपर्यंत पळत गेली. मीही मागे गेले. तिनं गाडीच्या दारावर हात ठेवला.

"साहेब, उद्याच्या परीक्षेचं?"

"हो हो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाईंकडे सविस्तर देऊन ठेव. फार छान बोललीस. अशीच बोलत राहा."

दार लागलं. धाकटी तिथंच उभी होती. बाई मागून आल्या. त्यांनी तिचे हात धरले.

"बाई, ते काहीच म्हणाले नाहीत."

"अगं, एका रात्रीत कसं होईल? खात्याची एक पद्धत असते. पण आज तू केवढं काम केलंस, कल्पना आहे तुला? पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नाही," धाकटी म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. खरंच पडला, ते मी नाकारणार नाही. पण शिट्टी वाजली, सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता, पाहुण्यांचं विमान होतं. बाई तिला खांद्याला धरून आत घेऊन गेल्या. मधल्या रांगेत, मधोमध, तिची जागा राखून ठेवली होती. जाताना तिनं फोन आणि बॅग माझ्याकडे दिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कुणी सांगेल तिथं ती उभी राहिली असती.

मी दारातच थांबले. फोटोग्राफर सांगत होता, उंच लोक मागे, जरा हसा, डोंगर दिसू दे. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वारा होता आणि वाऱ्यातून एक बारीक आवाज.

"ताई?"

"ताई आत आहे. मी अक्का. तिच्याबरोबर असते."

"तुम्ही खेचरवाल्या का? ताईनं सांगितलं. ताईचं भाषण झालं?"

"झालं."

"साहेब आले होते?"

"आले होते. उठून उभे राहिले तिच्यासाठी."

"उभे राहिले?" तो हसला. त्यानं मागं वळून कुणाला तरी सांगितलं, ताईसाठी साहेब उभा राहिला म्हणे. मग परत फोनवर आला. "मग परीक्षा कधी ठेवली आमची?"

अजून उजेड होता. आत्ता सांगितलं असतं तर तो पळत सुटला असता आणि रात्रीच्या आत पायथ्याला पोचला असता. पण मग जागा रिकामी. घराची वर्षाची चराई गेली असती, मेंढरं विकावी लागली असती, आणि ते एका अकरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं, वाऱ्यात उभं राहून ठरवायचं. हे त्याच्यावर कसं टाकायचं, अशी मी माझी समजूत घातली. साहेब काहीही करणार नाहीत, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तीन परिषदा मी हेच तर म्हणत आले होते, ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही ऐकवत आले होते.

"साहेबांनी मनावर घेतलंय," मी म्हणाले. "कळवतील."

"आज कळवतील ना?"

"बघू. कळवतीलच."

"बरं," बारक्या म्हणाला. "मग मी इथून हलत नाही. रेंज इथंच येते."